बोर्डाला कुंकू

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्यानं कुणी केली, त्यानं मला बघूनच केली असणार. माझं अंगण म्हणजे अख्खं आल्प्स. ऑस्ट्रियात हरले तेव्हा बर्फ मऊ होता, इटलीत हरले तेव्हा कडक होता, आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्फ अगदी हवा तसा होता तेव्हा नेमकी माझ्या गॉगलवर वाफ धरली. एकदा तर सुरुवातीच्या रेषेवर शेजारणीचं दार उघडलेलं बघून आपलंही उघडलं असं समजून मी धाडकन बंद दारावर जाऊन आपटले. त्या दिवशी घरी फोनवर सांगितलं की वारा फार होता. वाऱ्याचा आणि दाराचा काय संबंध, हे विचारण्याइतकं आईला स्नोबोर्डिंग कळत नाही, हे माझं नशीब.

मी देवश्री. मुक्काम ड्युसेलडॉर्फ, अर्धा आठवडा एका सॉफ्टवेअर फर्ममध्ये खुर्ची गरम करते आणि उरलेला अर्धा आठवडा बर्फात आपटते. बाबांना पुण्याच्या कंपनीनं इकडे पाठवलं तेव्हा मी बालवाडीत होते. आमच्या मराठी मंडळातल्या बाकीच्या मुली शनिवारी भरतनाट्यमला जायच्या. मला शाळेतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला नॉइसच्या स्की हॉलमध्ये नेलं. तो म्हणजे आत उतार असलेला एक भला मोठा फ्रीज. मी घसरत घसरत खाली आले आणि पुन्हा वर जाते म्हणून भोकाड पसरलं. आई म्हणाली, दोन दिवसांचं खूळ आहे, जाईल. अजून गेलेलं नाही.

आता खेळ काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समोरची दारं उघडली की दोघीजणी एकाच वेळी शेजारशेजारच्या दोन वाटांवरून सुटतात, एक लाल, एक निळी. वाटेत काठ्या रोवलेल्या असतात, त्यांना वळसे घालत खाली यायचं. जी आधी खाली पोचली ती पुढच्या फेरीत, दुसरी घरी. इथे ना गुण देणारे परीक्षक, ना नाचाचे हावभाव. म्हणजे सबबींना जागा फारच थोडी. पण तेवढ्याशा जागेत मी इतकी वर्षं सुखानं संसार केला.

या खेळात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. शेजारी बघायचं नाही. जिकडे डोळे जातात तिकडे डोकं जातं, डोक्यामागून खांदा, आणि खांद्यामागून बोर्ड. जर्मन पोरांना हे एकदा सांगितलं की कळतं. पण मी अशा घरात वाढले जिथे गणिताचा पेपर हातात ठेवला की पहिला प्रश्न यायचा, “कपिलला किती पडले?” कपिल हा बाबांच्या ऑफिसातल्या मित्राचा मुलगा, आमच्याच गल्लीत राहणारा, आणि सगळ्यात पुढे. मला किती पडले हे मला कपिलच्या मार्कांवरून कळायचं. शेजारी न बघणं हे आमच्या खानदानातच नाही.

तर यंदा माझ्यावर बाका प्रसंग आला होता. आमचा ट्रेनर योखेन हा उंच, दाढीवाला, कमी बोलणारा माणूस. त्यानं मला हिवाळ्याच्या मध्यावर बाजूला घेऊन सांगितलं की विंटरबर्गच्या शर्यतीत शेवटच्या आठात आलीस तर संघातली जागा राहील, नाहीतर ती लिओनीला जाईल. लिओनी नुकतीच शाळा संपवून आलेली, गालावर लाल ठिपके असलेली पोर. ती माझ्याशी इतकी अदबीनं वागते की मला आपण तिच्या आत्याबाई असल्यासारखं वाटतं. संघातून जाणं म्हणजे नुसतं जाकीट परत देणं नव्हे. मग हिवाळ्याआधीचा हिमनदीवरचा सराव नाही, योखेन नाही, त्याच्या गाडीत मागच्या सीटवर झोपणं नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, आणि शनिवारी कुणाच्या तरी पोराच्या मुंजीचे फोटो बघणं. मला भीती वाटत होती, अगदी रडू येईल अशी. ती मी कुणालाच सांगितली नाही. फक्त बाबांना सांगितली, आणि बाबांना सांगितलेलं आईला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आईला कळली.

आई माझ्या शर्यतीला कधी येत नाही. पूर्वी एकदा आली होती, त्या दिवशी माझं गळ्यापाशी हाड मोडलं. तेव्हापासून ती घरी देवापुढे बसते आणि बाबा तिला फोनवर निकाल कळवतात. यंदा मात्र म्हणाली, एवढी महत्त्वाची आहे तर येते. मी नको नको म्हटलं. ऐकेल ती आमची आई अरुंधतीबाई कसली!

विंटरबर्ग हा नावाला डोंगर. पर्वती जरा ताणून लांब केली आणि वर बर्फ टाकला की झालं. सकाळी आईबाबा तिथे हजर. बाबांनी ऑफिसच्या कोटावर माकडटोपी घातलेली, आईनं तीन स्वेटर, आणि हातात पिशवी. पिशवीतून स्टीलची डबी निघाली, डबीतून दही-साखर. लिफ्टच्या रांगेत, सगळ्या युरोपच्या देखत, मी हात पुढे केला. तेवढ्यात मागे लिओनी दिसली, बिचारी कुतूहलानं बघत उभी. आईनं तिच्याही हातावर चमचाभर ठेवलं. मी मराठीत म्हटलं, आई, अगं ती माझ्या विरुद्ध खेळणारे. तर म्हणते कशी, पोरगी बघत उभी आहे, तिला न देता कसं खायचं? लिओनीनं हात चाटून ‘लेकर’ म्हटलं, म्हणजे मस्त. झालं, शकुनाची सरळ वाटणी.

सकाळच्या चाचणीत मी सातवी आले. गंमत नाही, या मोसमातली माझी सगळ्यात चांगली जागा. लिओनी दहावी. आणि या खेळाचा हिशेब असा की सोळाजणींच्या फेरीत सातवी आणि दहावी समोरासमोर येतात. माझी जागा आणि ती जागा जिला मिळायची ती, दोघी एकाच दारात उभ्या. योखेननं नुसत्या भुवया वर केल्या. त्याच्यासाठी ते भाषणच.

मधल्या सुट्टीत योखेननं बोर्डाची खालची बाजू मेण लावून, घासून, पुसून आरशासारखी केली आणि बोर्ड झोपडीबाहेरच्या रॅकला टेकवून ठेवला. ही खालची बाजू म्हणजे आमचा जीव की प्राण. तिला आम्ही उघड्या हातानं बोटसुद्धा लावत नाही, कारण बोटाचं तेलही बर्फाला पकडतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि आईला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी शर्यतीची वाट नजरेखालून घालायला वर गेले. शर्यतीआधी मला दोन फुटांवरचं काही दिसत नाही, त्यामुळे परत येऊन बोर्ड उचलला, लिफ्टनं वर गेले, पायात बांधला, तरी मला काहीही दिसलं नाही.

जास्त चांगली जागा असल्यामुळे वाट निवडायचा मान माझा. मी निळी निवडली, लालवर सकाळपासून खड्डे पडले होते. शेजारच्या दारात लिओनी. तिनं मला शुभेच्छा दिल्या, मी तिला दिल्या, दोघींच्या तोंडाला दह्याचा वास.

दार उघडलं. या वेळी माझंच.

आणि काय सांगू, मी सुरेख गेले. स्वतःचं कौतुक करायची मला सवय नाही, लोकही माझ्यावर ती वेळ आणत नाहीत, पण त्या दिवशी प्रत्येक वळण हातात आपोआप येऊन बसत होतं. सुरुवातीला उजव्या कानात लिओनीच्या बोर्डाची खरखर ऐकू येत होती. मग ती कमी झाली. मग बंदच झाली. म्हणजे ती मागे पडली होती, बरीच मागे.

शहाण्या खेळाडूनं इथे काय करावं? पुढची काठी बघावी. मी काय केलं? मी मनातल्या मनात बोलायला लागले. खाली माईक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मी आधी जर्मनमध्ये उत्तर देत होते, विनयानं, मग मराठी मंडळाच्या संक्रांतीत सत्कार घेत होते, शाल कुठल्या रंगाची असावी इथपर्यंत आले होते. आणि मला वाटलं, एकदाच बघावं. कितीनं पुढे आहोत ते. शेवट आलाच होता, काठ्या संपतच आल्या होत्या. कपिलला किती पडले?

मी उजवीकडे बघितलं.

मग आकाश दिसलं, मग बर्फ, मग पुन्हा आकाश. काठीत बोर्डाचं टोक अडकून मी गडगडत बाजूच्या जाळीत जाऊन बसले. जाळीतून मला लिओनी दिसली. ती समोर बघत, शांतपणे, खाली गेली.

मी काही मोडून घेतलं नव्हतं. खाली येईपर्यंत सबब मात्र तयार करायला घेतली होती, जित्याची खोड. काठी वाकडी रोवली होती म्हणावं, की खड्डा होता म्हणावं? निळी वाट मीच निवडली होती, त्यामुळे खड्डा जमण्यासारखा नव्हता. योखेन समोर आला, त्यानं माझ्या हातातून बोर्ड घेतला आणि उलटा केला. ही त्याची सवय, माणसाशी बोलण्याआधी तो बोर्डाशी बोलतो.

बोर्डाच्या चकचकीत खालच्या बाजूवर, टोकापाशी, पाच लाल-पिवळे पट्टे होते. फरफटलेले, पुसट झालेले, पण पाच बोटं स्पष्ट. वर तेलाचा ओशट थर.

योखेननं नखानं खरवडलं, वास घेतला. आईबाबा तोवर कठड्यापाशी आले होते. आईचा चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. तिनं एकच वाक्य म्हटलं, तिच्या मोडक्या जर्मनमध्ये, छातीवर हात ठेवून, “इश वार दास.” ते मी केलं.

मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. बाबा चंद्रशेखर हे मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, त्यांना गोष्ट अर्धवट सांगता येत नाही. त्यांनी योखेनला खंडेनवमी समजावली. आमच्याकडे दसऱ्याच्या आधी हत्यारांची पूजा होते, घरी बाबांचा लॅपटॉप, आईचा मिक्सर, गाडी, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. पण देवश्री दर दसऱ्याला हिमनदीवर असते, त्यामुळे तिच्या हत्याराची पूजा एकदाही झाली नाही, आल्झो, म्हणजे तर, हे माझ्या पत्नीच्या मनाला लागलं. त्यात थंडीत कोरडं कुंकू टिकेना म्हणून तिनं ओठाला लावायची थिजलेल्या खोबरेलाची डबी काढली. योखेन मान डोलवत म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, माझे आजोबाही करवतीशी बोलायचे.

पण खालच्या बाजूला का, असं मी विचारलं. आई म्हणाली, नवीन गाडीचं लिंबू आपण चाकाखाली ठेवतो की टपावर? जे अंग जमिनीला लागतं तेच खरं. वर तर नुसती स्टिकरं होती. तिच्या बाजूनं विचार केला तर यात काही खोट नव्हती. उलट इतकी वर्षं इथे राहून आलेलं शहाणपण त्यात होतं, कारण तिला स्वस्तिक काढायचं होतं आणि जर्मनीत आहोत हे वेळेवर आठवून तिनं पाच बोटांवर भागवलं होतं. नाहीतर मी संघातूनच नव्हे, वर्तमानपत्रातही गेले असते.

मी हसणार होते. तेवढ्यात योखेन म्हणाला की थांबा, हे वेगळं प्रकरण आहे. बोर्डावर बाहेरचं तेल म्हणजे साहित्यात दोष. साहित्यात दोष असला तर ट्रेनरला संघाच्या समितीशी बोलता येतं, आणि समितीनं मानलं तर पुढच्या शर्यतीत पुन्हा एक संधी मिळते. त्यानं मला सरळ विचारलं की बोर्ड हळू वाटला का, पकडला का, शेवटी त्यामुळेच सटकला का.

बाबांनी आईला भाषांतर करून सांगितलं. ती रडत होती, पण हे ऐकून तिचे डोळे एकदम उजळले. “अहो, मग सांगा ना त्यांना. माझं नाव सांगा. बाई अडाणी आहे म्हणा, काहीही म्हणा.” आणि माझ्याकडे वळून, “देवू, सांग गं. माझ्यामुळेच पडलीस तू.”

आजवर मी इतक्या सबबी सांगितल्या, पण त्या सगळ्या माझ्या मला जुळवाव्या लागल्या होत्या. ही सबब आयती ताटात वाढून आली होती. रंगीत, पुराव्यासकट, साक्षीदारासकट, आणि वर गुन्हेगार स्वतःच आग्रह करत होता. मला फक्त ‘या’, म्हणजे हो, म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. खोटं कशाला बोलू, ‘या’ माझ्या ओठावर होतं, कारण मला ती जागा हवी होती. फार हवी होती.

पण आई उभी होती. तीन स्वेटर, हातात पिशवी, बोटांना अजून कुंकू. मी हो म्हटलं असतं तर तिनं जन्मभर कुठल्याही वस्तूला हळद-कुंकू लावताना हात मागे घेतला असता. माझ्या तर नक्कीच. आणि पुन्हा ती कधी शर्यतीला आली नसती. आधीच गळ्याचं हाड तिच्या नावावर होतं.

“बोर्ड ठीक होता,” मी म्हटलं. “तेल पहिल्या दोन वळणांतच गेलं असणार. मी पुढे होते. मी बाजूला बघितलं, म्हणून पडले.”

योखेननं बोर्ड कठड्याला टेकवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तुझं हेल्मेट वळलेलं मी बघितलं होतं, देवश्री. पण कुंकू तर खरं होतं ना.” त्याला ठाऊक होतं. त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उघड्या दारातून मी बाहेर पडले नव्हते. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लिओनीच्या पुढच्या फेरीची तयारी करायला गेला. त्याच्या गाडीतली माझी मागची सीट आता तिला जाणार होती. मी झोपडीच्या मागे जाऊन पोटभर रडले. हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणी मोठी संत आहे.

परतताना बाबा गाडी चालवत होते. माझा बोर्ड लांब, तो मागच्या डिकीतून पुढच्या सीटपर्यंत आडवा घालावा लागतो, त्यामुळे आई आणि मी मागे दोन बाजूंना आणि मध्ये बोर्ड, खालची बाजू वर करून. आई ओल्या रुमालानं कुंकू पुसत होती. निघत नव्हतं. खोबरेलात मिसळलेलं कुंकू कशानं निघतं हे योखेनलाही माहीत नसेल.

“खरंच माझ्यामुळे नाही ना?” तिनं विचारलं.

नाही गं, म्हटलं. अगदी खरं. आई शप्पथ.

तिनं मोठा श्वास सोडला, रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मग तिचा तोल गेला. म्हणजे कुणी तरी मागे धरून ठेवलेली बाई सुटावी तशी ती सुटली. मग बाजूला बघितलंसच कशाला? इकडे तिकडे काय ठेवलं होतं? लहानपणापासून सांगते, समोर बघून चाल, समोर बघून जेव, पण नाही, सगळं लक्ष दुसऱ्याच्या ताटात! एवढी लांबून आले मी, दही घेऊन आले, त्या पोरीला पण दिलं, आणि तू जिंकत असताना मान वळवतेस? बाबा मध्येच म्हणाले, अगं जाऊ दे, झालं ते झालं. तर त्यांनाही दोन ऐकवली. तुम्ही नेहमी तिची बाजू घेता. वारा होता म्हणे, वाफ होती म्हणे, आम्हाला काय कळत नव्हतं होय?

मी बघतच राहिले. म्हणजे तिला सगळं कळत होतं. दाराचं, वाऱ्याचं, सगळं. इतकी वर्षं माझ्या सबबी तिनं मुकाट गिळल्या, आणि आज पहिल्यांदा मी खरी चूक हातात दिली तर ती मनसोक्त रागावत होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. कुणी तरी माझ्यावर माझ्याच चुकीसाठी ओरडत होतं. मी एकही शब्द परत बोलले नाही, आणि आमच्या घरात असं कधी होत नाही.

ती दमेपर्यंत महामार्ग आला होता.  बाहेर बर्फ संपून नुसती ओली शेतं दिसायला लागली. सोमवारी नऊला ऑफिस होतं, आणि मंगळवारी, आणि बुधवारीसुद्धा.

“देवू,” आई म्हणाली. आवाज आता साधा होता. “पण जिंकत होतीस ना?”

“हो.”

तिनं बोर्डावरच्या लाल डागावरून एकदा हात फिरवला. उघडा हात. मी फिरवू दिला.

“किती पुढे होतीस गं?”

“तेच तर बघत होते ना, आई.”